अडुळसा देण्याआधी

बाई,

कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फॉल लावायची साडी मांडीवर घेते, चार टाके घालते, की पाय आपोआप गॅलरीकडे वळतात. शेजारच्या दाराला कुलूप तसंच असतं. परत येऊन बसते तर सुई कुठे खोचली ते आठवत नाही. बोलायला घरात माणसं नाहीत असं नाही. नवरा सकाळीच रिक्षा घेऊन निघाला. मुलाला सांगितलं, तर मोबाइलवरून मान न उचलता तो म्हणाला, "मम्मी, कंई नथी थवानुं." काही होणार नाही म्हणे. नसेलही होणार. पण मला काय झालंय हे फक्त तुम्हालाच कळलं असतं, म्हणून त्याच्या जुन्या वहीतले कोरे कागद काढून बसले आहे. मराठी लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. ऱ्हस्व-दीर्घाकडे तुम्ही बघूच नका.

आम्ही आता सुरतेतच नवागामला राहतो. भिंतीला भिंत लागून घरं, पण वर गच्ची आपली. तिथे मी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत झाडं लावली आहेत. तुळस, पानओवा, कोरफड, सदाफुली, एक लाल जास्वंद, आणि कोपऱ्यात मोठ्या पिंपात अडुळसा. गल्लीतल्या बायका येतात. लेकराची छाती भरली की पानओव्याची पानं नेतात, तेलाचा चटका बसला की कोरफडीचा तुकडा. कुणाच्या केसांसाठी जास्वंद, तर चहात टाकायला गवती चहा. त्याला इथे सगळे लीली चा म्हणतात आणि त्याच्याशिवाय सुरतेचा चहा होत नाही. मी कुणाला नाही म्हणत नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. "काकू, जरा पाला द्या ना," असं कुणी म्हणालं की मी हातातलं काम टाकून गच्चीवर चढते.

शेजारी अमरावतीकडचं कुटुंब आहे. सासू, तिचा मुलगा आणि गेल्या वर्षी आलेली सून. मुलगा कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात जातो, सून घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. गेल्या आठवड्यात सासू आली. "बाई, सुनेचा खोकला हटून नाई राह्यला. तुमच्याकडं तो अडुळसा हाये ना?" मी वर गेले, चांगली मूठभर पानं काढली, काढा कसा करायचा, आलं किती, गूळ किती, सगळं सांगितलं. खोकला कधीपासून आहे, ताप येतो का, हेही विचारलं. चार-पाच दिवसांचा आहे, ताप नाही, असं सासू म्हणाली. आणि मी समाधानाने पुन्हा साडी हातात घेतली.

काल सकाळी त्या दोघी कामरेजला निघाल्या, सासूच्या लेकीकडे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सून रिक्षात बसली आणि सासूने रिक्षावाल्याला बजावलं, "हळू चालव रे भाऊ, खड्डे पाहून. सुनेले दिवस गेलेत." रिक्षा वळली आणि माझ्या हातातला ओला टॉवेल खाली रस्त्यावर पडला.

पोटुशी बाईला अडुळसा द्यायचा नसतो. हे मला तुम्ही सांगितलं होतं. वर्गात नाही, वर्गात मुलं होती. सातवीत आम्हा मोठ्या मुलींना तुम्ही पाण्याच्या टाकीमागे नेलं होतं आणि हळू आवाजात सांगितलं होतं, की उद्या तुम्ही बाया व्हाल, कुणी पाला मागेल, तर आधी एवढं विचारायचं. आम्ही तोंडावर ओढण्या धरून हसलो होतो.

मी लगेच फोन लावला. सासूचा फोन भिंतीपलीकडे, कुलूपबंद घरातच वाजायला लागला. सुनेला स्वतःचा फोन नाही.

ती टाकी आता आहे की नाही मला माहीत नाही, पण तिच्यामागचा आपल्या वाफ्यांचा पट्टा मला डोळे मिटून दिसतो. महापालिकेची मराठी शाळा, दोन पाळ्यांची. तुम्ही उधन्याहून यायचात, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कायम एखादं मुळासकट उपटलेलं रोपटं. तुमचा नियम होता: ज्याने झाड आणलं त्याने सांगायचं, घरी त्याला काय म्हणतात आणि ते कुणी कशासाठी घेतलं. ऐकलेलं नाही, बघितलेलं. आम्ही निम्मे खानदेशातले, काही मराठवाड्याचे, काही विदर्भाचे, आणि सगळ्यांच्या गल्लीत गुजराती. एका झाडावरून भांडणं व्हायची. एक मुलगा निर्गुडी म्हणायचा, दुसरा तिलाच नगोड. सदाफुलीला कुणी बारमासी म्हणालं की तुम्ही फळ्यावर दोन्ही नावं लिहायचात आणि म्हणायचात, "दोन्ही बरोबर. पुढे बोल. कुणी खाल्ली?" एकाची आजी सकाळी सदाफुलीची पानं चावायची, साखर उतरावी म्हणून. तुम्ही विचारलंत, "गोळीसुद्धा घेते का?" घेते म्हणाला. "मग डॉक्टरला पानांचं सांगितलंय का?" त्याला माहीत नव्हतं. "आज घरी जाऊन विचार." दुसऱ्या दिवशी वर्ग त्याच्यावरूनच सुरू झाला. गुडघा फुटला तर दगडी पाला चोळून लावायला आम्ही तिथेच शिकलो. आधी जखम धुऊन घ्यायची, हेही.

मी अडुळसा नेला होता. आमच्या खोलीबाहेर गटाराच्या कडेला आईने लावलेला. त्याची पांढरी फुलं देठाकडून चोखली की गोड लागतात, म्हणून मुलं माझ्याभोवती जमली होती. मी उभी राहून पाठ केल्यासारखं म्हटलं, "याला अडुळसा म्हणतात. गुजरातीत अरडूसी. खोकल्यावर घेतात. माझे बाबा रोज घेतात."

"रोज?" तुम्ही विचारलंत.

"हो बाई. गणपतीपासून."

तेव्हा होळी जवळ आली होती. तुम्ही खडू खाली ठेवलात. मला जवळ बोलावून हळूच विचारलंत, बाबा जेवतात का नीट, रात्री अंथरूण घामाने भिजतं का. मला वाटलं माझ्या उत्तराचं कौतुक चाललंय. मी सांगितलं, बाबा बारीक झालेत, पॅंट सुतळीने बांधतात. तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी मी तुझ्या घरी येते." मला आनंद झाला. बाई आजवर कुणाच्याच घरी गेल्या नव्हत्या.

ती संध्याकाळ मी अजून तशीच बघते. एक खोली, तिच्यातच चूल आणि तिच्यातच मोरी. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापते आहे. एक भाकरी उतरली की मधल्या वेळात तव्यावर अडुळशाची पानं टाकते, ती मऊ पडली की फडक्यात घालून पिळते, वाटीत हिरवा रस जमतो. तुम्ही दारात चपला काढता. आई पदर डोक्यावर घेते आणि पाट सरकवते. तुम्ही पाणी मागून पिता, आणि आईचा चेहरा जरा सैल होतो. मग तुम्ही म्हणता, "ताई, यांचा खोकला लांबलाय. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढून घ्या. थुंकी तपासतात, तीही तपासून घ्या."

आईला शब्द न उच्चारताही शब्द ऐकू आला. तिचा हात पिठातच थांबला.

"मना घरमा कोनले बी तो रोग नही शे," ती म्हणाली. "कारखानामा धूळ ऱ्हास. समदासले खोकला शे. पोरगी शाळामा काय बी बोलस, आन् तुमी आयकी लेतस."

"नसेलच ताई. पण बघायला काय हरकत आहे?"

"मंग हाई कसाले करस मी?" तिने पिळलेलं फडकं तुमच्यापुढे धरलं. "रोज करस. मनी मायनी मले शिकाडेल शे. हाई खोटं शे का?"

तुम्ही त्या फडक्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता बाई आईला शाळेतल्यासारखं समजावणार. तुम्ही म्हणालात, "खोटं नाही. माझी आईसुद्धा हेच द्यायची. खोकला मऊ होतो याने. पण खोकला कुठून आला, ते याला कळत नाही."

आई काही बोलणार, तेवढ्यात दारातून बाबांचा आवाज आला. ते पाळी संपवून आले होते आणि बाहेर किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. केसांवर, भुवयांवर कारखान्याची पांढरी धूळ. तुम्हाला बघून त्यांनी हात जोडले, आणि आईकडे न बघता म्हणाले, "रगत बी पडस. तुले सांगं नही."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उठून ती काढली नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "उद्या मी येते बरोबर," आणि खरोखर आलात. शाळेला रजा टाकून तुम्ही आमच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसलात, आणि तिथल्या गुजराती कागदावर काय लिहिलंय ते आईला वाचून सांगितलंत. रोग तोच निघाला. गोळ्या किती महिने चालल्या. बाबांना मळमळायचं, लघवी लाल व्हायची, ते गोळ्या टाकून द्यायला निघायचे आणि आई समोर उभी राहून गिळायला लावायची. बाबा जगले, बाई. माझं लग्न त्यांनी आपल्या हाताने लावलं. धाकट्या भावाला रिक्षा घेऊन दिली. शेवटपर्यंत जिना चढताना दम लागायचा, पण जिना ते चढायचे.

आई मात्र तुमच्याशी पुन्हा कधी बोलली नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. बाबांच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात तिने दारचा अडुळसा कोयत्याने तोडला आणि मुळं गटारात फेकली. तुमच्यावरचा राग होता की स्वतःवरचा, मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तीही नाही. एवढं माहीत आहे की त्यानंतर तिने कुणालाच कसलाही पाला दिला नाही. शेजारीण दारात आली की आई म्हणायची, दवाखान्यात जा. तापाचं लेकरू असो की साधी सर्दी. बायका मग यायच्याच बंद झाल्या. आमच्या दारापुढची ती जागा उघडीच राहिली, आणि संध्याकाळी आई तिथे एकटी बसायची.

आणि मी शाळेत मोठ्या तोऱ्यात सांगत फिरले, की अडुळशात काही नसतं, पाल्याने माणसं मरतात. तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. आवाज चढवला नाहीत, तुमचा आवाज कधी चढायचाच नाही. "हे कुणी ठरवलं? तू? तुझ्या आईने महिनोन्महिने कुणासाठी तवा तापवला? ते मूर्खपणाने केलं असं म्हणायचंय तुला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही पुढे म्हणालात, "न विचारता दिलं तरी चूक आणि न समजता टाकून दिलं तरी चूक. आजपासून वाफ्यातल्या अडुळशाला तू पाणी घालायचं." मी घातलं. आधी रागाने, मग सवयीने. सातवी संपली तेव्हा तुम्ही मला छाटणीची छोटी कात्री दिलीत. तिला धार लावून लावून आता तिचं पातं बोटाएवढं उरलंय. फॉलचे दोरे तिनेच कापते.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, भाजी बाजारात, वर्गातल्या एका मैत्रिणीकडून. आपल्या शाळेत आता मराठीचे वर्ग नावापुरते उरलेत आणि टाकीमागे फरशी बसवली आहे, हेही तिनेच सांगितलं. मी पुढे जाऊन बघितलं नाही.

काल दुपारी मी साडी गुंडाळून ठेवली आणि सरळ शेजारणीच्या मुलाच्या खात्यावर गेले. लूमच्या खडखडाटात माझं बोलणं त्याला ऐकू जाईना. त्याला बाहेर बोलावलं, पण परक्या बाईने त्याच्या बायकोच्या पोटाचं कसं विचारायचं? "तिने काढा घेतला का?" एवढंच विचारलं. तो गोंधळला. "काढा? माहीत नाई काकू. मी तं पाळीवर असतो, आज रात्रीबी इथंच हाये." बहिणीचा नंबर त्याने दिला. रस्त्यावर उभी राहून लावला, तर कुण्या लहान मुलीने उचलला. "मामी सूई गई छे," म्हणाली आणि ठेवून दिला. भर दुपारी झोपली आहे. का झोपली आहे? गरोदर बाई झोपणारच, हे मला कळतं. मीही दोन लेकरांची आई आहे. तरी पुन्हा लावला, रात्रीही लावला. कुणी उचलला नाही.

येताना गल्लीतल्या आरोग्यसेविकेकडे गेले. तिला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "थोडा घेतला असेल तर बहुतेक काही होणार नाही. पण पोटात दुखलं, अंगावरून गेलं, तर लगेच घेऊन जायचं. आल्यावर तिला माझ्याकडे पाठवा, तिची नोंदणीपण व्हायचीय." बहुतेक, म्हणाली ती. त्या बहुतेकवर मी कालची रात्र काढली, आणि आजची दुपार हे लिहिण्यात चालली आहे. मधेच आईचं वागणं पटतं. कोयता घ्यावा आणि पिंप मोकळं करावं. निदान कुणी मागणार नाही, आणि द्यावं लागणार नाही. मग तुमचं ते बोलणं आठवतं आणि मी पुन्हा गॅलरीत जाते.

रिक्षाचा आवाज आला. बघून येते.

आल्या, बाई. दोघी आल्या. पोर रिक्षातून उडी मारूनच उतरली, हातात कामरेजच्या पेरूंची पिशवी. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. सासू कुलूप काढत होती. मी सुनेचा हात धरला आणि विचारलं, "बाळा, तो काढा किती दिवस घेतलास?"

तिने सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. "काकू, रागावू नका. मी तं मोरीत ओतला."

"ओतला?"

"पहिल्या दिवशी जिभेला लावला, लय कडू. मग आत्याबाई देवपूजेले बसल्या की रोज मोरीत ओतायची." सासू कुलपाची किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मी रोज चुलीपाशी उभी राहून करत होती तो?" ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. सून हसली, मीही हसले, फार जोरात हसले. मग मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं, की तो तुला द्यायलाच नको होता, मी विचारलं नाही. सासूने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, मीच बोलली नाई, तीन महिने होईस्तोवर सांगत नाईत ना. खोकला अजून आहे पोरीला, थोडा. उद्या सकाळी तिला मीच आरोग्यसेविकेकडे घेऊन जाणार आहे. तोवर कोमट पाणी पी म्हटलं.

वर येऊन दार लावून घेतलं. आता बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतंही आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगते. पोरीने मोरीत ओतला म्हटलं ना, तेव्हा सुटल्यासारखं मला नंतर वाटलं. आधी राग आला. माझा अडुळसा, आणि हिने मोरीत ओतला. क्षणभरच, पण आधी तेच आलं. तुम्ही असतात, तर एवढं सगळं सांगितलं असतं आणि नेमकं हे सांगितलं नसतं.